‘महिनाभर मिठावर झोपलो’ : एका खलाशाच्या कैदेची आणि सुटकेची तपासणी

शाहूपुरीत राहणाऱ्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे पणजोबा राजापूर तालुक्यातले, जैतापूरच्या खाडीकाठचे. तरुणपणी मुंबईला जाऊन ते इंग्रजी कंपनीच्या बोटीवर खलाशी झाले. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यांची बोट पकडली, त्यांना दुसऱ्या एका बोटीच्या पोटात कोंडून ठेवले आणि पुढे ‘बर्फाच्या देशात इंग्रजी आरमाराने येऊन सोडवले’. युद्धानंतर ते अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूरला आले आणि गुळाच्या पेठेत दिवाणजी म्हणून राहिले. घरात एवढीच कथा शिल्लक आहे. शिवाय पणजीबाई वारंवार म्हणत ते एक वाक्य, की ‘हे महिनाभर मिठावर झोपले होते.’ बाईंच्या चुलत्यांच्या मते ही सारी कथा रचलेली आहे आणि मिठाचे वाक्य म्हणजे कुठल्या तरी मिठागरावरच्या मजुरीची आठवण आहे. कथेत खरे किती, पणजोबांना युद्धकैदी म्हणता येईल का आणि कागद कुठे सापडतील, असे बाईंनी विचारले आहे.

मी ३४ वर्षे व्यापारी जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली, त्यांतली शेवटची अकरा चीफ इंजिनिअर म्हणून. माझ्या पहिल्या काही जहाजांवर रत्नागिरीकडचे जे सारंग (खलाशांच्या टोळीचे मुकादम) आणि टिंडेल (त्यांच्या हाताखालचे मुकादम) होते, त्यांचे वडील आणि चुलते युद्धकाळात समुद्रावर होते. त्यांच्याकडून ऐकलेल्या गोष्टी ताडून पाहण्याचा नाद मला निवृत्तीनंतर कोल्हापुरात लागला. त्यातून माझे एक मत बनले आहे. कुटुंबात सांगितल्या जाणाऱ्या अशा कथेतला मोठा, नाट्यमय प्रसंग बहुधा उसना असतो आणि कुणालाही अर्थ न लागलेला बारीकसा तपशील बहुधा स्वतःचा असतो. आपल्या पणजोबांच्या बाबतीतही मला तसेच वाटते. म्हणजे बर्फावर माझा विश्वास नाही, मिठावर आहे.

आधी बर्फाचा विचार करू, कारण त्या प्रसंगाचे वर्णन एका प्रसिद्ध घटनेशी तंतोतंत जुळते. ‘अॅडमिरल ग्राफ स्पे’ या जर्मन युद्धनौकेने सप्टेंबर ते डिसेंबर १९३९ या काळात दक्षिण अटलांटिक आणि हिंदी महासागरात नऊ ब्रिटिश व्यापारी जहाजे बुडवली. तिचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ जहाज बुडवण्यापूर्वी त्यावरची माणसे उतरवून घेत असे, आणि त्या नऊ जहाजांवरचा एकही माणूस त्याच्या हातून मेला नाही, ही गोष्ट शत्रूनेही मान्य केली. पकडलेली बहुतेक माणसे ‘आल्टमार्क’ या तिच्या पुरवठा टँकरवर हलवली जात. १७ डिसेंबर १९३९ रोजी ‘ग्राफ स्पे’ माँटेव्हिडिओबाहेर तिच्याच माणसांनी बुडवली. त्यानंतर ‘आल्टमार्क’ कैद्यांसह काही आठवडे दक्षिण अटलांटिकमध्ये लपून राहिली आणि मग उत्तरेकडून वळसा घेऊन नॉर्वेच्या किनाऱ्याला लागली. नॉर्वे तेव्हा तटस्थ होता. नॉर्वेच्या अधिकाऱ्यांनी जहाजाला तीनदा भेट दिली, पण खालचे माल-कप्पे उघडून पाहिले नाहीत. कैदी आतून पत्रे बडवत होते, शिट्ट्या वाजवत होते, आणि तो आवाज वर जाऊ नये म्हणून डेकवरचे विंच, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची यंत्रे, चालू ठेवले गेले. ज्याने विंचचा खडखडाट जवळून ऐकला आहे त्याला ही युक्ती किती सोपी आणि किती परिणामकारक होती हे वेगळे सांगायला नको. अखेर १६ फेब्रुवारी १९४० च्या रात्री फिलिप व्हिअन यांची ‘कोसॅक’ ही विनाशिका योसिंगफ्योर्डच्या गोठलेल्या पाण्यात शिरली, तिचे नौसैनिक ‘आल्टमार्क’वर उड्या टाकून चढले आणि २९९ माणसे मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी ती स्कॉटलंडमधील लीथ बंदरात उतरली.

या २९९ जणांत भारतीय खलाशी होते, हे निश्चित. ‘ग्राफ स्पे’ने १० ऑक्टोबर १९३९ रोजी पकडलेले ‘हंट्समन’ हे जहाज कलकत्त्याहून इंग्लंडकडे चालले होते आणि त्यावरचे बहुसंख्य कर्मचारी भारतीय होते. म्हणूनच कथेचा हा भाग ऐकताच मलाही प्रथम ‘आल्टमार्क’ आठवली. परंतु अडचण भरतीच्या बंदरापाशी येते. त्या काळी खलाशांची भरती बंदरानुसार आणि मुलखानुसार वाटलेली असे. कलकत्त्याच्या बोटींवर सिल्हेट, नोआखाली, चितगाव या भागांतली माणसे जात, तर मुंबईच्या बोटींवर डेकसाठी कोकण, काठियावाड, दमण इकडची, इंजिनसाठी पंजाब आणि सरहद्दीकडची, आणि खानसामे-बटलर म्हणून गोव्याची. सारंग आपल्याच गावची माणसे उचलत असे. त्यामुळे मुंबईत नाव नोंदवलेला जैतापूरचा माणूस कलकत्त्याच्या टोळीत सापडणे अशक्य नसले तरी सहज घडणारे नाही. शिवाय ‘आल्टमार्क’च्या कथेत मिठाला कुठेच जागा नाही.

आता मिठाकडे वळू. १९४० च्या मार्चमध्ये जर्मनीहून ‘अॅटलांटिस’ नावाचे जहाज निघाले. मूळचे ते ‘गोल्डनफेल्स’ नावाचे मालवाहू जहाज. त्यावर १५ सेंटिमीटरच्या सहा तोफा खोट्या भिंतींमागे आणि खोक्यांमागे दडवल्या होत्या. कप्तान बेर्नहार्ड रोगे हा वेष पालटण्यात इतका तरबेज होता, की मे महिन्यात त्याने पहिले सावज धरले ते जपानी जहाजाचे सोंग घेऊन. अशा छुप्या युद्धनौकेची पद्धत ठरलेली असे. समोरचे जहाज टप्प्यात येईपर्यंत निरुपद्रवी व्यापाऱ्यासारखे चालत राहायचे, मग खरे निशाण चढवून ‘थांबा, वायरलेस वापरू नका’ असा इशारा द्यायचा आणि पुढे एक गोळा टाकायचा. ब्रिटिश जहाजांच्या रेडिओ अधिकाऱ्यांना उलट हुकूम होता, की छुपा हल्लेखोर दिसताच ‘क्यू’ हे अक्षर पुनःपुन्हा ठोकून जहाजाचे ठिकाण कळवावे. त्यामुळे वायरलेसची किल्ली वाजली, की तोफा पहिल्यांदा रेडिओच्या खोलीवरच चालत. मेलेल्यांत रेडिओ अधिकारी आणि ब्रिजवरची माणसे जास्त का, याचे उत्तर या एका गोष्टीत आहे. खलाशी मात्र बहुधा वाचत. हातात मावेल तेवढे गाठोडे घेऊन त्यांना होडीतून हल्लेखोर जहाजावर नेले जाई आणि मागे त्यांच्या जहाजाच्या तळाशी सुरुंग लावले जात.

इथे एक गोष्ट समजून घ्यावी, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. हल्लेखोर जहाजाला कैदी नको असतात. महिनोन्‌महिने बंदर न पाहणाऱ्या जहाजावर पाणी आणि धान्य मोजून असते, आणि प्रत्येक नव्या शिकारीबरोबर पन्नास-साठ तोंडे वाढतात. म्हणून रोगेने पकडलेल्या जहाजांपैकी काही बुडवली नाहीत. कैदी भरून ती दुसरीकडे पाठवून दिली. ऑगस्ट १९४० मध्ये त्याने ‘तिरान्ना’ हे नॉर्वेजियन जहाज असेच फ्रान्सकडे रवाना केले. त्यावर ‘सिटी ऑफ बगदाद’ या जहाजाचे भारतीय खलाशी मोठ्या संख्येने होते. २२ सप्टेंबर रोजी, फ्रान्सचा किनारा जवळ आलेला असताना, ‘ट्यूना’ या ब्रिटिश पाणबुडीने ते जर्मनांचे जहाज समजून टॉर्पेडोने उडवले. ते जर्मनांच्याच ताब्यात होते, त्यामुळे समज चुकीचा नव्हता. पण मेलेल्या ८० हून अधिक जणांत बहुतेक कैदीच होते. आरमाराने कैद्यांना सोडवल्याची कथा सगळ्यांना माहीत असते. ही दुसरी कथा फारशी कुणी सांगत नाही.

‘तिरान्ना’ गेल्यावर ‘अॅटलांटिस’ने आणखी जहाजे धरली. ‘अॅथेलकिंग’, ‘बेनार्टी’ आणि ‘कोमिसेर रामेल’ ही तिन्ही सप्टेंबर १९४० मधली. तळघरे पुन्हा भरली. २२ ऑक्टोबरला सुंदा सामुद्रधुनीच्या बाजूला तिला ‘दुर्मितोर’ हे युगोस्लाव्ह जहाज सापडले. ते जुने, कोळशावर चालणारे होते, आणि स्पेनमधील तोरेव्हिएहा बंदरातून जपानकडे आठ हजार टनांहून अधिक मीठ घेऊन चालले होते. रोगेने त्यावर मूठभर जर्मन नाविक आणि २५० हून अधिक कैदी चढवले आणि इटालियन सोमालीलँडकडे हाकलले. कैद्यांना राहायला खोल्या नव्हत्या. ते माल-कप्प्यात, मालावर, म्हणजे मिठावर राहिले, आणि हा प्रवास सुमारे चार आठवडे चालला.

पणजीबाईंचे वाक्य आता पुन्हा वाचावे. आपल्याकडे ‘मीठ’ म्हटले की खाल्ल्या मिठाला जागणे आठवते, मिठागर आठवते; जहाजाच्या पोटातले मिठाचे डोंगर कुणाच्या डोळ्यांसमोर येणार? ज्याने ते पाहिले नाही त्याला हे वाक्य सुचणार नाही, आणि ते मिरवण्यासारखे नसल्यामुळे कुणी दुसऱ्याकडून उसने घेणारही नाही. चुलत्यांच्या मिठागराच्या तर्काबद्दल एवढेच म्हणतो, की मिठागरावर माणूस काम करतो, तिथे झोपायला घरी किंवा खोपटात जातो.

या चार आठवड्यांबद्दल मी इंजिनवाला म्हणून थोडे अधिक लिहितो, कारण पणजोबांनी काय भोगले ते त्याखेरीज कळणार नाही. ‘दुर्मितोर’वर कोळसा फारच कमी उरला होता. त्या आकाराचे कोळशाचे जहाज नेहमीच्या चालीने दिवसाला पंचवीस-तीस टन कोळसा सहज खाते. कोळसा वाचवण्याचा एकच मार्ग असतो, वेग कमी करणे. वेग निम्मा केला तर लागणारी शक्ती ढोबळमानाने आठव्या हिश्शावर येते, आणि तेच अंतर तोडायला वेळ दुप्पट लागत असला तरी एकूण कोळसा चौथ्या हिश्शाच्या आसपास पुरतो. कागदावर हिशोब छान दिसतो; प्रत्यक्षात बॉयलर तापता ठेवायला, पंप फिरवायला ठरावीक कोळसा जळतोच, त्यामुळे बचत तेवढी होत नाही. शेवटी त्यांनी कप्प्यांवरच्या लाकडी फळ्या आणि सामानसुमान भट्टीत घातले आणि ताडपत्र्यांची शिडे करून उभारली. वाफेच्या जहाजाने शिडे उभारणे म्हणजे त्याने जवळजवळ हार मानल्यासारखेच आहे. आगवाल्यांची मदत घ्यावी लागली असेल तर ती कैद्यांचीच, कारण मूठभर जर्मनांना चोवीस तास भट्टी पेटती ठेवणे शक्य नव्हते. हा माझा अंदाज आहे, पण इंजिनरूममध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाचा आहे.

पाण्याचे दुखणे कोळशाहून वाईट. बॉयलरमधली वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होऊन परत येते खरी, परंतु जुन्या जहाजाच्या प्रत्येक सांध्यातून, प्रत्येक ग्लँडमधून ती गळत असते, आणि ती तूट गोड्या पाण्यानेच भरावी लागते. समुद्राचे पाणी बॉयलरला घातले तर नळ्यांवर क्षाराचा थर बसतो, नळ्या तापून फुगतात आणि फुटतात. म्हणजे तहानलेला माणूस आणि बॉयलर यांचा डोळा एकाच टाकीवर असतो. अडीचशे माणसे, विषुववृत्ताजवळचे ऊन, लोखंडी कप्पा आणि अंगाखाली मीठ. मीठ दमट हवेत ओल धरते, रात्री चिकट आणि दिवसा खडखडीत होते, घामाने सोललेल्या कातडीत शिरते. त्यावर महिनाभर झोपलेला माणूस त्या महिन्याची आठवण मिठाच्याच नावाने ठेवणार.

नोव्हेंबर १९४० च्या अखेरीस ‘दुर्मितोर’ मोगादिशूच्या उत्तरेला वारशेख येथे किनाऱ्याला लागले आणि कैदी इटालियनांच्या हाती गेले. त्यांची सुटका आरमाराच्या धाडीने झाली नाही. केनियाकडून आलेल्या ब्रिटिश फौजा सोमालीलँडमध्ये घुसल्या, २५ फेब्रुवारी १९४१ रोजी मोगादिशू पडले, आणि कैद्यांचे पहारेकरी नाहीसे झाले. यात सांगण्यासारखे नाट्य नाही. मग बर्फ कुठून आला? माझ्या मते लीथमधून. ‘आल्टमार्क’च्या सुटकेचा ब्रिटिशांनी युद्धाच्या त्या मंद महिन्यांत भरपूर गाजावाजा केला होता, ती कथा प्रत्येक बंदरात, प्रत्येक खलाशीघरात पोहोचली होती. जर्मनाने पकडले आणि सुटलो, एवढे सांगणाऱ्या माणसाला ऐकणारे पुढचे विचारत, ‘म्हणजे त्या बर्फातल्या बोटीसारखे का?’ आणि दहाव्यांदा विचारल्यावर माणूस ‘हो’ म्हणून मोकळा होतो. याला मी खोटे बोलणे म्हणणार नाही. कोल्हापुरात महायुद्ध म्हटले की लोकांना वळिवड्याची पोलिश छावणी किंवा मराठा पलटणी आठवतात. घाटावरच्या पेठेत सोमालीलँड आणि मिठाचे जहाज समजावून सांगण्याइतका धीर किती जणांना असेल?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर छोटे आहे, पण सरळ नाही. त्या वेळच्या कायद्यात व्यापारी खलाशी ना धड सैनिक होता ना धड नागरिक. १९०७ च्या अकराव्या हेग करारानुसार शत्रूच्या व्यापारी जहाजावरचे कर्मचारी, युद्ध चालू असेपर्यंत लढाईशी संबंधित काम करणार नाही असे लेखी वचन देत असतील, तर त्यांना युद्धकैदी करायचे नव्हते. मात्र लढाईत भाग घेणाऱ्या जहाजाला हे लागू नव्हते, आणि ब्रिटिश व्यापारी जहाजांवर बचावासाठी तोफा बसवलेल्या असल्याने वाद घालायला दोन्ही पक्षांना वाव होता. जर्मनांनी मधला मार्ग काढला. ब्रेमेनजवळ वेस्टरटिमके येथे त्यांनी नौसैनिकांसाठी ‘मार्लाग’ आणि व्यापारी खलाशांसाठी ‘मिलाग’ अशा वेगळ्या छावण्या ठेवल्या. ‘मिलाग’ हे नावच मुळी ‘नजरबंद’ या अर्थाच्या जर्मन शब्दावरून आले आहे, ‘युद्धकैदी’वरून नाही. तिथे भारतीय खलाशीही होते. हा गोंधळ १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराने मिटवला. त्यात कप्तान, पायलट आणि शिकाऊ उमेदवारांसह व्यापारी जहाजांचे कर्मचारी युद्धकैद्यांत स्पष्टपणे धरले आहेत. तेव्हा आपल्या पणजोबांना आजच्या अर्थाने युद्धकैदी म्हणायला हरकत नाही. त्यांच्या काळच्या कागदात मात्र तो शब्द सापडेल अशी अपेक्षा ठेवू नये. दुसऱ्या महायुद्धात सुमारे ६,६०० भारतीय खलाशी मेले आणि १,२०० हून अधिक पकडले गेले, असे आकडे दिले जातात; त्या पकडलेल्यांतले ते एक असावेत.

कागदांविषयी. मुंबईत मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये भारतीय खलाशांची स्मृतिनोंद आहे, पण ती मृतांची. परत आलेल्या माणसाचे नाव तिथे शोधण्यात वेळ दवडू नये. लंडनच्या क्यू येथील नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये दोन मालिका उपयोगी पडतील: युद्धकाळातील जहाजांच्या कर्मचारी याद्या ‘बीटी ३८१’ या क्रमांकाखाली आहेत, आणि पकडल्या गेलेल्या व्यापारी खलाशांची कागदपत्रे ‘बीटी ३७३’ खाली. शोध माणसाच्या नावाने सुरू करू नये, जहाजाच्या नावाने करावा. ऑगस्ट ते ऑक्टोबर १९४० या काळात ‘अॅटलांटिस’ने धरलेल्या जहाजांच्या याद्या एकेक करून मागवाव्यात आणि त्यांत रत्नागिरी जिल्हा शोधावा. नावाचे स्पेलिंग कसे असेल याची कल्पना करू नये. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले असते, आडनाव बहुधा नसते, बापाचे नाव कधी असते कधी नसते, आणि जैतापूरची अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदललेली असू शकतात. वय आणि सारंगाचे नाव यांवरून माणूस लवकर सापडतो. पणजोबा कुणाच्या टोळीत गेले, हे गावी कुणाला आठवत असेल तर ते आधी विचारून घ्यावे.

परंतु त्याही आधी घर तपासावे. आपण पत्रात ओझरता उल्लेख केला आहे, की माळ्यावर त्यांचा पत्र्याचा एक लांबट डबा आहे आणि तो गंजल्यामुळे कुणी उघडलेला नाही. जुने खलाशी आपला नोकरीचा दाखला अशाच नळीसारख्या डब्यात गुंडाळून ठेवत, इतके की दाखल्यालाच ‘नळी’ म्हणण्याची रीत पडली. डबा पिळून किंवा ठोकून उघडू नये. झाकणाच्या कडेला तेलाचे दोन थेंब सोडून दोन दिवस थांबावे, आणि आतला कागद निघाला तर तो एकदम उलगडू नये, दमट हवेत थोडा वेळ ठेवून हळूहळू सोडवावा. मग १९४० ची ओळ पाहावी. जहाज बुडाले असेल तर नोकरी संपल्याच्या ठिकाणी बंदराचे नाव न लिहिता ‘समुद्रात’ अशा अर्थाची नोंद करण्याची पद्धत होती. त्या ओळीतले जहाजाचे नाव वाचता आले नाही तरी चालेल, तिचे छायाचित्र मला पाठवावे. तारीख सप्टेंबरमधली निघाली, तर कुठली यादी आधी मागवायची ते मी लगेच सांगू शकेन.